पांढरीच्या पोटात



असोद्याला यायचे आणि भरिताचे नाव काढायचे नाही, हे आम्हाला जमणार नाही. वांगे आपल्याच देशातले. पण त्यात पडणारी मिरची आणि शेंगदाणा हे दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे ते सोळाव्या शतकापासून पुढे आले. तिकडे शेंगेचा मान केवढा होता, ते पेरू देशात सिपान येथे १९८७ साली दिसले. अँडीज पर्वत आणि समुद्र यांमधल्या कोरड्या पट्टीत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत मोचे लोक नांदत होते. त्यांच्या एका अधिपतीच्या थडग्यात वॉल्टर आल्वा यांना सोन्याच्या आणि चांदीच्या शेंगांची माळ मिळाली. मोच्यांना लिपी नव्हती. त्यांचा इतिहास वाचायचा तो भांड्यांवरून आणि थडग्यांवरून. आल्वा तेथे पोहोचले तेही चोरांच्या मागोमाग. चोरांनी जवळचेच एक थडगे आधी फोडले होते.

असेच बिनलिपीचे लोक आपल्या तापी-गिरणेच्या काठी राहून गेले. आपण शेताला काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. ही पांढरी म्हणजे पडलेल्या भिंती, चुलीची राख आणि फुटकी मडकी यांचा शतकानुशतके साचलेला थर. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ साली खणले, तेव्हा हा थर सुमारे १७ मीटर भरला! सर्वांत तळाशी ताम्रपाषाण युगातली वस्ती, म्हणजे आजपासून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर काही काळ गाव ओस पडल्याची खूण, आणि मग लोखंड वापरणारे लोक. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळला म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ साली असाच शोध घेतला होता. पुढे पलीकडच्या तीरावर टेकवाडे येथे दफनेही सापडली.

या लोकांच्या भांड्यांतला एक प्रकार नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखला जातो. तांबडा रंग, त्यावर काळ्या रेघा, आणि भाजणी अशी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज यावा. पण आम्हाला स्वतःला अडवून धरतात ती लहान मुलांची दफने. इनामगावी, नेवाशाला घरातलीच जमीन उकरून दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले, आणि आत मूल. दूर स्मशान न करता राहत्या घरात का? पंडित अनेक तर्क देतात. सभेतल्या आयाबायांना ते विचारावे लागू नयेत.

आता एक बोचणारी गोष्ट. खानदेशातल्या एका गावी (नाव घेत नाही, गाव दुखावेल) आम्ही टेकाड पाहायला गेलो. अर्धे टेकाड शिल्लक होते. पांढरी माती खताला चांगली, म्हणून ट्रॉल्या भरून शेतात गेली होती. कापलेल्या कडेला राखेचा पट्टा स्पष्ट दिसत होता, आणि खाली चाकोरीत रंगीत खापरांचा चुरा. माती नेणारा भला माणूस होता. त्याने आम्हाला चहा पाजला आणि विचारले, "यात सोनं निघतं का हो, दादा?" नाही, म्हटल्यावर त्याची उत्सुकता संपली. दोष त्याचा कसा म्हणावा? त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सोन्यासाठी फोडलेल्या थडग्याची निदान बोंब होते; खतासाठी नेलेल्या टेकाडाची तीही होत नाही. आणि एकदा का खापर आपल्या थरातून सुटले, की ते कोणाच्या आधीचे आणि कोणाच्या नंतरचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

येताना आम्ही त्या चाकोरीतली चार खापरे पिशवीत आणली आहेत. थरातून सुटलेलीच आहेत, तेव्हा हाताळायला हरकत नाही. सभा संपल्यावर पुढे या, टिचकी मारून पाहा. आणि आपल्या पांढरीत असे काही पाहिलेले कोणी येथे असेल, तर त्याने आज आम्हाला भेटल्याशिवाय घरी जाऊ नये.