पान्ह्याला रजा कोण देणार?



अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. बरोबरच आहे. पण माझा धाकटा भाऊ तीन आठवड्यांचा होता, तेव्हा आई उसाच्या फडात कोयता चालवत होती. मी आठ वर्षांची. शाळा सोडून बांधावर त्याची झोळी हलवत बसायचे. तो रडला की आई मोळी बांधता बांधता मान वर करून बघायची, पण यायची नाही. काम चुकलं की मुकादम खाडा लावायचा, आणि उचल तर आधीच घेतलेली. तिची चोळी दुधानं भिजायची, अन् इकडे मी बाळाला साखरेचं पाणी पाजायचे. पुढे तो आजारी पडला, तर नर्सबाई आईलाच रागावल्या, "तुम्हा लोकांना कळतच नाही."

कळत होतं. सवड नव्हती.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आज कायदा २६ आठवड्यांची पगारी रजा देतो, पण हजेरीपटावर नाव असेल तर. ऊस तोडणारी, वीटभट्टीवर राबणारी, रोजानं निंदायला जाणारी बाई कुणाच्या पटावर आहे? त्यांत दलित, भटक्या, आदिवासी घरांतल्या किती, तुम्हीच मोजा.

म्हणून आईला शिकवायच्या आधी कारखान्याला विचारा : फडावर पाळणाघर कुठं आहे? बाळंतिणीचा खाडा कोण भरणार?

जय भीम.