रुळांशेजारचा जाळ

शिकागोत कडाक्याची थंडी पडली, की काही ठिकाणी रुळांच्या कडेनं ज्वाळा दिसू लागतात. जानेवारी २०१९ मध्ये तिथला पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला, तेव्हा ती छायाचित्रं जगभर पाहिली गेली आणि ‘रूळच पेटवले’ असं लोक म्हणू लागले. श्रोतेहो, रूळ पेटत नाहीत. जळतो तो नळीतून सोडलेला गॅस, आणि तोही मुख्यतः सांध्यांपाशी.

सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. आपले रेल्वेवाले त्याला पॉइंट म्हणतात. तिथं टोकाकडे निमुळती होत गेलेली पोलादी पट्टी सरकून मुख्य रुळाला चिकटते. चिकटते म्हणजे अगदी घट्ट चिकटली पाहिजे; फट राहिली तर चाक तिच्यात शिरून गाडी घसरायची. आपल्याकडे तपासणीच्या वेळी मध्ये ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवतात. तेवढ्यानंही सांधा कुलूपबंद होता कामा नये, सिग्नल तांबडाच राहिला पाहिजे. आता धावत्या डब्याखाली साठलेल्या बर्फाचा एक खडा सुटून नेमका तिथं पडला तर? मोटर ढकलत राहते, पट्टी मिटत नाही, सिग्नल मिळत नाही. मागे गाड्यांची रांग, आणि फलाटावर कुडकुडणारी माणसं. पावसाळ्यात ‘तांत्रिक बिघाड’ ऐकणाऱ्या मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको.

मग रस्त्यावर टाकतात तसं मीठ का टाकत नाहीत? एक तर मिठानं लोखंड गंजतं. शिवाय गाडी कुठं आहे, हे बऱ्याच मार्गांवर रुळांतून सोडलेल्या विजेच्या मंद प्रवाहावरून कळतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे मोकळ्या रुळावरही गाडी उभी असल्याचा भास यंत्रणेला होऊ शकतो. म्हणून ऊब द्यायची. कुठं गॅसच्या ज्वाळा, कुठं गरम हवेचे झोत, युरोपात बऱ्याच ठिकाणी रुळाला बसवलेल्या विजेच्या पट्ट्या.

एवढं करूनही जोराच्या हिमवादळात ही ऊब पुरत नाही. वितळलेलं पाणी जरा पलीकडे जाऊन पुन्हा गोठतं. तेव्हा झाडू आणि फावडं घेऊन माणूस रुळांत उतरतो. दुसरा एकजण गाडी येते का, ते पाहत उभा असतो, कारण कानटोपीतून आणि पडत्या बर्फातून गाडीचा आवाज ऐकू येईलच असं नाही. मला या दुसऱ्याचं काम अधिक अवघड वाटतं. झाडणाऱ्याला निदान हातपाय हलवून ऊब येते. याला नुसतं उभं राहायचं असतं, रुळावरची नजर न काढता.