मुलगा की मुलगी? ‘थांबा’ म्हणणारा डॉक्टर

इयरफोन लावलेत ना? आजचा विषय घरात स्पीकरवर ऐकायला जरा अवघड वाटेल. पण उद्या तुमच्याच घरात बाळ जन्मलं तर यातलं काहीतरी कामी येईल, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आपल्या खान्देशात, जळगाव असो की धुळे, बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर पहिला प्रश्न ठरलेला: “काय व्हयनं? आंडोर का आंडेर?” सिस्टर एका शब्दात उत्तर देते आणि पेढे की जिलबी ते ठरतं.

पण काही बाळांच्या बाबतीत नुसतं अंग बघून हे उत्तर देता येत नाही. पोटात असताना गुणसूत्रं, हार्मोन आणि ग्रंथी यांच्या वाढीनं थोडी वेगळी वाट धरलेली असते. डॉक्टर याला डीएसडी म्हणतात, म्हणजे लैंगिक विकासातला फरक. यालाच इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी असंही म्हणतात. आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही, कुणाच्या शापानंही होत नाही. आणि ट्रान्सजेंडर असणं ही वेगळी गोष्ट आहे बरं का. तो स्वतःच्या ओळखीचा प्रश्न असतो, हा शरीराच्या जडणघडणीचा.

आता मुद्द्यावर येतो. अशा वेळी डॉक्टरसमोर दोन कामं असतात. एक खूप घाईचं, दुसऱ्याला बहुतेक वेळा अजिबात घाई नाही. गडबड कुठे होते? घाईचं काम राहून जातं आणि बिनघाईचं उरकलं जातं.

घाईचं काम आधी. डीएसडीचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे सीएएच. यात किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथी गरजेचं हार्मोन नीट बनवत नाहीत. मुलगी असेल तर जन्मतःच तिचं अंग मुलासारखं दिसू शकतं. पण खरा धोका दिसण्यात नाहीच. यातल्या बऱ्याच बाळांच्या शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ उलट्या करतं, वजन घटतं, मलूल पडतं. जुलाब किंवा इन्फेक्शन समजून वेळ गेला तर बाळ दगावतं. वेळेत कळलं तर हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन या गोळ्यांवर ते मूल शाळेत जातं, खेळतं, मोठं होतं. औषध जन्मभर घ्यावं लागतं, एवढंच.

हे फार दुर्मिळ आहे असंही नाही. आयसीएमआरनं मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. त्यात सुमारे ५,७६२ बाळांमागे एकाला सीएएच निघाला. तपासणी काय, तर टाचेतून रक्ताचे चार थेंब. शोधायचं असतं ते १७-ओएचपी. सीएएच असलेला मुलगा जन्मतः अगदी नेहमीसारखा दिसतो, त्यामुळे तो सुटण्याची भीती जास्त. आणि ‘मुलगा’ म्हणून हातात दिलेल्या बाळाच्या दोन्ही गोट्या हाताला लागतच नसतील, तर “उतरतील हळूहळू” म्हणून घरी पाठवायचं नाही. आधी तपासायचं.

आता बिनघाईचं काम, म्हणजे अंग ‘नीट दिसावं’ म्हणून केलेलं ऑपरेशन. लघवीचा मार्ग अडला असेल तर ऑपरेशन लागतंच, त्यावर वाद नाही. पण नुसतं दिसण्यासाठी, बाळाला काही कळायच्या आत केलेली कापाकापी परत फिरवता येत नाही. पुढे संवेदना जाऊ शकते, आणि ते मूल मोठं होऊन “मी हा नाही” किंवा “मी ही नाही” असं म्हणू शकतं.

मग डॉक्टर असं का करतात? ते काही दुष्ट नसतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून एक विचार जगभर पसरला: लवकर ठरवा, लवकर ऑपरेशन करा, मुलाला काही सांगू नका. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. २००५ मध्ये शिकागोत तज्ज्ञ बसले, २००६ मध्ये त्यांचं एकमत छापून आलं. जुने अपमानास्पद शब्द टाका, एकट्या सर्जननं ठरवू नका, टीम बसवा, घरच्यांशी मोकळेपणानं बोला, असं त्यात सांगितलं. पुस्तकं बदलली. सवयी बदलायला वेळ लागतो.

आणि दबाव आपलाही असतो, भाऊ. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५० पेक्षा कमी मुली होत्या. अशा समाजात “डॉक्टर, मुलगाच करून टाका ना” असं म्हणणारे नातेवाईक निघणारच. तिथं “थांबा, आधी तपासू” म्हणायला डॉक्टरला धीर लागतो.

लहानपणी कुणी तपासलंच नाही तर काय होतं, ते शेजारच्या नाशिकमध्ये दिसलं. २०१८ मध्ये एक तरुणी नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत उतरली. लेखी पास, मैदानी पास. मग मेडिकलमध्ये कळलं की तिला गर्भाशय नाही, आणि गुणसूत्रांच्या तपासणीनंतर तिला ‘पुरुष’ ठरवलं गेलं. जन्मापासून मुलगी म्हणून जगलेली ही तरुणी, आणि एका रिपोर्टनं नोकरी गेली. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२२ मध्ये न्यायालयानं म्हटलं, यात तिचा काही दोष नाही. सरकारनंही तिला पोलीस खात्यात दुसऱ्या पदावर घेण्याची तयारी दाखवली. रिपोर्ट लिहिणाऱ्याला गुणसूत्रं दिसली, समोरचं माणूस दिसलं नाही.

कायदाही हळूहळू सरकतोय. मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की आई-बापाची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे. त्यानंतर तमिळनाडूनं जिवाला धोका नसेल तर अशा बाळांवर ऑपरेशन करायला बंदी घातली. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सात वर्षांच्या मुलावरच्या ऑपरेशनला परवानगी नाकारली आणि सरकारला नियम करायला सांगितले. हे आदेश त्या त्या राज्यापुरते. पण त्यातला विचार चोपड्यातल्या आणि साक्रीतल्या बाळालाही लागू पडतो.

तुम्ही काय करायचं? घरात फोन तुमच्या हातात असतो, इंटरनेट तुम्हाला कळतं. तेव्हा ताई-वहिनीच्या वतीनं विचारा: “डॉक्टरसाहेब, सोडियम-पोटॅशियम तपासलं का? १७-ओएचपी पाठवलं का? हे ऑपरेशन आत्ता केलं नाही तर जिवाला धोका आहे का? हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवायचं तर कुठे पाठवाल?” धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सुरुवात तिथून करता येते. बाळाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरू देऊ नका, डॉक्टरांच्या ग्रुपवरही नाही. शिकण्यासाठी म्हणून दहा जण येऊन बघणार असतील तर ‘नको’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि तुमच्यापैकी कुणी एमबीबीएस, नर्सिंग करत असेल, तर हे एक वाक्य आत्ताच पाठ करा: “अभिनंदन, बाळ झालंय. मुलगा की मुलगी हे सांगायला थोडे दिवस लागतील, तोवर आपण बाळाला जपू.” यात खोटं काही नाही, आणि आईला पहिल्या क्षणी लाज नाही, बाळ मिळतं.

पटलं तर हा एपिसोड एका तरी नर्सिंगवाल्या मैत्रिणीला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!