यंत्र, दारू आणि इस्पितळ



दारूच्या पापाविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. आम्ही संघटनेची माणसे. आम्हांला दारू भेटते ती पगाराच्या दुसऱ्या दिवशी, हजेरीपटाच्या रिकाम्या चौकटीत.

झोकांड्या खाणारा माणूस प्रेसवर उभा राहिला तर बोटे त्याची जातील किंवा शेजाऱ्याची. त्याला त्या दिवशी यंत्रापासून दूर करावे, यात मालकांशी आमचा वाद नाही. मोटार हाकणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला तर तो गुन्हा ठरतो. मग यंत्र काय कमी घातक आहे? वाद आहे तो दुसऱ्या दिवसाचा. बडतर्फीच्या कागदाने कोणाची दारू सुटलेली आम्ही पाहिली नाही. तो गुत्त्यावर संध्याकाळऐवजी सकाळी जातो, इतकेच.

'मनात आणले की सुटते' असे सज्जन म्हणतात. सांगणे सोपे आहे! वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली, तर दोन-तीन दिवसांत हात कापतात, फेफरे येते, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. घरचे बाधा समजून देवऋषी गाठतात. यात माणूस दगावूही शकतो. त्याला डॉक्टरच हवा. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथे शरीर सावरल्यावर खरे काम सुरू होते: बोलते करणे, घरच्यांना बोलावणे, घरी गेल्यावरही पाठपुरावा.

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. मिथेनॉलचे विष काही तास दडून राहते, मग दृष्टी जाते. वेळेत पोचल्यास त्यावर उतारा आहे, डायलिसिस आहे. पण पोलिसांच्या भयाने माणूस घरीच पडून राहतो. म्हणून वस्तीत आम्ही सांगतो, कोठे प्यालास ते मागाहून, आधी रिक्षात बस.

एका कारखान्याच्या करारात आम्ही कलम मागितले: पहिल्या वेळी उपचाराची भरपगारी रजा, नोकरी कायम. 'दारुड्यांना रजा?' व्यवस्थापक हसले. क्षयाच्या रोग्याला रजा देताना ते हसत नाहीत. आमच्या सभेत मात्र बायकांनी वेगळेच विचारले, 'रजेचा पगार कोणाच्या हाती पडणार?' आता कलमात एक ओळ वाढवली आहे: कामगाराने लेखी संमती दिल्यास पगार पत्नीच्या खात्यात. पुढच्या बोलण्यांत ते पुन्हा मांडू.