कॉफीच्या बागेतली गाय

कॉफीचं रोप लावलं की पहिलं फळ हाती यायला तीनेक वर्षं जातात आणि पुढंही पैसा येतो तो हंगामातच. भाव ठरतो न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारात. एक-दीड एकरवाल्या शेतकऱ्यानं मधले महिने काढायचे कसे? टांझानियात किलिमांजारोच्या उतारावर राहणाऱ्या चाग्गा लोकांनी याचं उत्तर गोठ्यात शोधलं आहे. त्यांच्या घराभोवतीच्या बागेला ‘किहाम्बा’ म्हणतात. वर सावलीची उंच झाडं, खाली केळी, केळीच्या आडोशाला कॉफी आणि घरालगत बांधलेली गाय. चरायला रान नाही, म्हणून केळीची पानं, चिरलेले बुंधे आणि खालच्या मैदानातून वाहून आणलेलं गवत तिच्यापुढं टाकतात. शेण आणि गव्हाणीतलं उष्टं कुजवून केळी-कॉफीच्या मुळाशी घालतात.

दूध पोरांच्या पोटात जातं, उरलेलं विकलं जातं. पण माझ्या मते गायीचा मोठा उपयोग कॉफीलाच आहे. 1989 साली आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धत मोडली आणि भाव कोसळले. अशा वेळी छोटा शेतकरी पहिली काट मारतो ती विकतच्या खताला. झाड उपाशी राहतं, पुढच्या वर्षी फळ कमी धरतं, आणि भाव सुधारला तरी विकायला माल नसतो. शेणखत बाजारभावावर अवलंबून नाही, ते रोज पडतं. शिवाय दुधाचे पैसे हातात असले की घरखर्चासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेऊन पीक आधीच त्याच्या नावावर करावं लागत नाही. उसाचं बिल लांबलं की दुधाच्या बिलावर वाणसामान भरणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे समजावून सांगायला नको.

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. चाऱ्याचे भारे वाहतात त्या बहुतेक बायका. गायीची मिळकत त्यांच्या मानेवर उभी राहत असेल तर ती मिळकत म्हणता येणार नाही. त्यावर उपाय म्हणजे बांधावर हत्तीगवत लावणं. चारा दाराशी येतो, उताराची मातीही धरून राहते आणि कॉफीची जागा अडत नाही. दुसरी अडचण गोचिडांची. त्यांच्यामुळं होणारा ईस्ट कोस्ट ताप संकरित गायी पटापट नेतो. बांधून पाळल्यानं धोका कमी होतो, टळत नाही, त्यामुळं जवळ पशुवैद्य हवाच. तिसरा आक्षेप किमतीचा: गरिबानं गाय घ्यायची कशातून? रवांडा या दुसऱ्या कॉफीवाल्या देशानं 2006 मध्ये ‘गिरिंका’ योजना काढली. गरीब कुटुंबाला गाय द्यायची आणि तिला होणारी पहिली कालवड त्या कुटुंबानं दुसऱ्या गरजू घराला द्यायची. वाटप पारदर्शी ठेवावं लागतं, पण कर्जाच्या हप्त्यापेक्षा ही फेड गरिबाला झेपणारी आहे.

म्हणून कॉफी उत्पादकांसाठी योजना आखणाऱ्यांना माझं सांगणं आहे: रोपं आणि खतं वाटता, त्याच अंदाजपत्रकात चाऱ्याची ठोंबं, पशुवैद्याच्या फेऱ्या आणि गावातल्या दूध संकलनाचाही खर्च धरा.