दुपारचे दोन तास कोणाचे?

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



लेखिकेच्या रोजच्या जगण्याविषयी बोल, असं मला सांगितलंय. मग भादव्यापासूनच सुरुवात करते. पाऊस ओसरतो, ऊन चटका द्यायला लागतं, आणि दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन येऊ लागतात. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा हा सुगीचा हंगाम. पण नेमक्या याच दिवसांत गौरी येतात, पाठोपाठ पितृपक्ष, मग घट बसायच्या आत घराची झाडलोट. लेखकाला हे आड येत नाही. लेखिकेला येतं.

मागच्या वर्षी पितृपक्षात मी एक साधी गोष्ट केली. दुपारी दोन ते पाच लिहायला बसले आणि दर वेळी उठावं लागलं की वहीच्या कडेला रेघ मारली. सासूबाईंचं औषध, गॅसवाला, ह्यांचा चष्मा, मुलाचा डबा. पाचपर्यंत अकरा रेघा झाल्या, कथेच्या ओळी नऊ. रात्री जेवताना ती वही मी ताटांच्या मध्ये ठेवली. हे आधी हसले. मग म्हणाले, "चष्मा तर मीच मागितला होता." दुसऱ्या दिवसापासून दुपारचे दोन तास माझे, असं ठरलं. दाराची बेल ते बघणार, आईंना औषध मुलगा देणार. मैत्रिणींना मी मोठ्या फुशारकीनं सांगितलं, की मी हे तास मिळवले.

पुढचं सांगायला जरा जड जातं. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींनी तीन दिवसांची सुट्टी मागितली. कथा शेवटाला आलेली, मुदत डोक्यावर. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच कशाला, मावशी?" त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, माझ्याही घरी घट बसतात. तुमच्या सात गोधड्या धुतल्या. माझ्या कधी धुवायच्या?"

मी गप्प झाले. ज्या दुपारी मी लिहीत होते, त्याच दुपारी मागच्या दारी गोधड्या आपटल्याचा आवाज येत होता. मी तो ऐकला होता, पण वहीत त्याची रेघ नव्हती. माझे दोन तास थोडे नवऱ्याकडून आले होते, बाकीचे दुसऱ्या बाईकडून.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७, असं दिसलं. आणि त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस. मावशी चार घरची कामं उरकून स्वतःच्या घरी हीच मिनिटं पुन्हा भरतात. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. सुट्टीची मागणी तेव्हापासूनची. आपण तिला पाठिंबा देतो, ठरावही करतो. आपल्या घरात ती मागणी आली की मात्र आपल्याला मुदत आठवते.

बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकान सांभाळता सांभाळता लिहीत, नि लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवत. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं १९८६ साली आलं. त्यांना कोणी दुपार दिली नव्हती, आणि त्यांनी कोणाची घेतलीही नव्हती.

मावशींना तीन दिवसांची भरपगारी सुट्टी दिली. भांडी ह्यांनी घासली, मुलानं धुणं वाळत घातलं. करपलेली कढई मात्र मलाच घासावी लागली. कथा वेळेत पुरी झाली नाही. त्या अंकात ती नव्हती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण यंदा घरात जूनमध्येच कामं वाटून घेतली, आणि मावशींच्या सुट्ट्या कॅलेंडरवर आधी लिहिल्या, माझी मुदत नंतर.

तेव्हा घरी गेल्यावर एक दिवस तुम्हीही वहीत रेघा मारून बघा. आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या नावाचा रकाना त्या वहीत विसरू नका.