सीताबर्डीचे अरब



भंडाऱ्याहून नागपुरास गेलेल्या प्रत्येकाने सीताबर्डीची टेकडी पाहिलेली असते. तेथील किल्ल्यात १८१७ च्या लढाईत पडलेल्या इंग्रजांच्या कबरी आहेत. अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने लढलेल्या अरबांच्या नावाचा दगड मात्र मी नागपुरात पाहिलेला नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धात आयर्लंडातून पोटासाठी आलेल्या लोकांच्या पलटणी लढल्या. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या गव्हाच्या शेतात त्यांचे पुष्कळ लोक पडले. पंचवीस वर्षांनी, त्याच तिथीस, तेथे आयरिश धर्तीचा क्रूस उभा राहिला. पायथ्याशी त्यांच्या देशातील शिकारी कुत्रा पहुडलेला आहे. तो घडविणारा शिल्पकार ओ'डोनोव्हन स्वतः विरुद्ध पक्षाच्या सैन्यात होता, हे विशेष!

सीताबर्डीची लढाई यादवी नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु टेकडीवर इंग्रजांसाठी बंदुका धरणारे बहुतेक मद्रास व बंगालच्या पलटणींतील आपलेच शिपाई होते. आपला भंडारा ज्या राज्यात होता, त्या राज्यासाठी झुंजण्यात मात्र अरबस्तानातून आलेले लोक आघाडीवर! २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी गोळीबार सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारूगोळ्याचा गाडा उडाला आणि त्या गोंधळात अरबांनी धाकटी टेकडी काबीज केली. पुढे फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानावर निकराचा हल्ला केला, टेकडी परत गेली आणि दुपारपर्यंत डाव फिरला.

१६ डिसेंबरला अप्पासाहेब रेसिडेंटच्या छावणीत गेले. धनी शरण गेला, तरी चाकर शहर धरून बसले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर आलेला हल्ला त्यांनी परतविला. ते पगारासाठी लढले, असा आक्षेप आहे. आयरिशांना तरी भरतीचे पैसे मिळत नव्हते काय?

भेद निराळाच आहे. आयरिश लोक युद्धानंतर तेथेच राहिले, नागरिक झाले. स्मारक मागण्यास त्यांचे सोबती हयात होते आणि त्यांच्या शब्दाला वजनही होते. अरब मात्र ३० डिसेंबरला अटी ठरवून, बायकामुले व शस्त्रे घेऊन शहराबाहेर पडले. त्यांच्यासाठी दगड मागणार कोण?

जुम्मा दरवाजाला आता गांधी द्वार म्हणतात. महालात खरेदीस आलेली आपली भंडाऱ्याची मंडळी त्याखालूनच जातात.